उरलेल्या तीन गोळ्या

दहा गोळ्यांच्या पट्टीत आता तीनच उरल्या होत्या. बाकीच्या सात समोरच्या परदेशी शिष्टमंडळाच्या प्रमुखांनी तीन दिवसांत शिंकांवर म्हणून आपल्याकडून मागून घेतल्या, असा हिशोब भारतीय शिष्टमंडळातली औषधतज्ज्ञ यामिनी मनात करत होती.

व्यापार करारातलं एक कलम अडलं होतं: मूळ कंपनीच्या चाचण्यांच्या आधारे इतरांनी दहा वर्षं स्वस्त औषध बनवायचं नाही. यामिनीचे वरिष्ठ खांबेटेसाहेब रोज "बघू" म्हणत.

"गोळी गुणाची हं! आमच्याकडे सोन्याच्या भावात मिळते," नाक पुसत प्रमुख म्हणाले.

"तुमचं कलम आधीपासून असतं, तर आमच्याकडेही तशीच मिळाली असती," यामिनी म्हणाली.

"नशीब, नव्हतं!" प्रमुख बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

खांबेटेसाहेब मनापासून हसले. उरलेली पट्टी प्रमुखांपुढे सरकवत म्हणाले, "हे कलम आम्हाला मान्य नाही."