नाकातले थेंब

महापालिकेची ही शाळा पाच शिफ्टमध्ये भरते. मध्ये संडास धुवायला वेळच उरत नाही, म्हणून फाटकातच सगळ्यांच्या नाकात थेंब घालतात. मग दिवसभर वास येत नाही, चवही लागत नाही. आज उशीर झाल्याने सुलक्षणाबाई थेंब न घेताच आत धावल्या आणि जिन्यातच त्यांना ओकारी आली.

मधल्या सुट्टीत नियमाप्रमाणे मुख्याध्यापक धोत्रेसरांनी खिचडीचा पहिला घास खाल्ला आणि वहीत लिहिलं, ‘चव उत्तम.’

“सर, नासलीय ही. दारापर्यंत घाण मारतेय,” बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या.

समोर पोरं बोटं चाटत होती.

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि खिशातून बाटली काढली. “तुमचे थेंब राहिलेत, बाई. मान वर करा. पुढची शिफ्ट फाटकात उभी आहे.”