चिरंजीवांचं ओके

गुरुवारी हिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, असं मी बंगळूरला शार्दूलला कळवलं. चिरंजीवांचं उत्तर आलं, "ओके."

"म्हणजे येतोय?" ही म्हणाली. "त्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी डोळ्याला हात लावू देणार नाही."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्याच्या बहिणीला मुलगी झाली तेव्हा हेच ओके आलं होतं, त्याचा अर्थ आनंद. मामा गेले तेव्हाही हेच, म्हणजे दुःख. "फणसाची भाजी केली, तू हवा होतास," यावरच्या ओकेचा अर्थ मला अजून लागलेला नाही. दप्तरखान्यात तीस वर्षं मी मोडी कागद वाचले, वाळवीने खाल्लेलेसुद्धा. पण या दोन अक्षरांपुढे हात टेकले.

आईला फोन कर, असं कळवलं. "ओके." बुधवार उजाडला तरी फोन नाही, आणि ही हटून बसलेली.

शेवटी मी लिहिलं, "ऑपरेशन रद्द. आम्ही दोघं कायमचे तुझ्याकडे राहायला येतोय."

अर्ध्या मिनिटात फोन वाजला. बोलणं झाल्यावर ही डोळे पुसत म्हणाली, "बघा, किती काळजी आहे पोराला! तुम्ही उगाच नावं ठेवता."