वर्तुळातली चूक

सासऱ्यांच्या गणिताच्या पुस्तकाची पानं सून संगणकावर लावत होती. त्यांनी साधा स्वल्पविराम बदलला तरी संगणक सगळे आलेख पहिल्यापासून मोजत बसे, आणि तेवढ्या वेळात दोघांचा बुद्धिबळाचा डाव रंगे. आज पहिल्यांदाच सासरे जिंकायला आले होते. ते वजिराला हात घालणार, तोच पान तयार झालं.

"एवढ्यात कसं?"

"आलेखांचे बिंदू साठवून ठेवलेत, बाबा. आता तेच परत वापरले जातात. एखादं सूत्र बदललं, तरच पुन्हा सगळं मोजेल."

"हरायला लागलीस की बरं सुचतं गं तुला."

"पुस्तक आज छापायला द्यायचंय. उचला पट."

सासऱ्यांनी पट उचलला नाही. त्यांनी चष्मा पुसला, पान डोळ्यांजवळ धरलं, आणि जन्मभर गणित शिकवलेला तो माणूस गंभीरपणे म्हणाला, "या सूत्रात मला चूक वाटतेय."

सुनेने वाकून पाहिलं. ते वर्तुळाचं सूत्र होतं, अगदी बरोबर लिहिलेलं.

"आहे खरी," ती म्हणाली आणि तिने खुर्ची पटाकडे ओढली. "आत्ता बदलते. मग परत होतं तसं करावं लागेल. म्हणजे दोन डाव होतील."