भिंतीवरचा दरबार

"अजून थोडं डावीकडे," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, म्हणून लेकीनं स्टुलावरूनच वळून पाहिलं.

"आई, चित्र टांगतेय मी. तू तर मीच पडणार असल्यासारखा चेहरा केलायस."

"या घरात एक पडलंय तेवढं पुरे."

समोर पलंगावर नवरा होता. डोळे उघडे, तोंड बंद. जिन्यावरून पडला, डोक्याला मार लागला आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आणला तेव्हा एक हात हलत होता, बाकी काही नाही. "मी स्वयंपाकघरात नसते, तर हे पडले नसते," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

चित्रं ही त्याचीच हौस. कॅनव्हासवर छापलेले जुने राजे, एक राणी. दिवाणखान्यात दरबार भरवायचा म्हणून त्यानं ती मागवली होती. पार्सल आलं तेव्हा तो बेशुद्ध होता.

वाचा परत आणायला येणाऱ्या ताई चित्रं बघून खूश झाल्या. "याच खोलीत लावा. आवडीची वस्तू समोर असली की शब्द लवकर सापडतात. रोज नावं म्हणवून घ्या. शब्द कुठं गेलेले नाहीत, कपाटाची किल्ली तेवढी हरवलीय."

"आणि नाही सापडली तर?" तिनं विचारलं होतं.

"तर बोलतील, पण पोपटासारखं. त्याला अर्थ नसेल. चेहऱ्याला नाव जुळलं, की माणूस परत आला समजा."

त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

लेकीनं शेवटचा खिळा ठोकला. छातीवर कोटात हात घातलेला नेपोलियन, डोक्यावर इवलासा मुकुट घेतलेली व्हिक्टोरिया, पिंपासारखा हेन्री आणि उंच टाचांचे बूट घातलेला लुई.

"हा लुई बघ, नटून कुठं निघालाय? बाबांच्या हाताखाली एक दिवस टिकला नसता." लेक हसली. आईला हसू आलं नाही. पूर्वी नवऱ्याचं पाऊल जिन्यावर वाजलं, की मायलेकी टीव्हीचा आवाज कमी करायच्या. आता घरात दिवसभर कुणी आवाज कमी करत नव्हतं.

"खाली नावाच्या पट्ट्याही आल्यात. चिकटवू?"

"नको. वाचून म्हणतील. मग ओळखलं का वाचलं, कसं कळणार?"

"तुलाही ताईंसारखं कळायला लागलं की."

शिकवणी ती दार लावून घ्यायची. "दुसरं कुणी असलं की त्यांना कसंतरी होतं," म्हणायची. बाहेर लेकीला नुसती कुजबुज ऐकू यायची. आत ती चित्राकडे बोट दाखवायची, नाव घ्यायची आणि त्याच्या ओठांकडे बघत राहायची. ओठ हलले की तिचे हात गार पडायचे. भिंतीवरचे चौघेही आपल्याकडेच बघताहेत असं वाटून ती त्यांच्याकडे पाठ करून बसायची.

एका दुपारी ती पाणी पाजत असताना तो बोलला.

"जिना."

पेला तिच्या हातून निसटला. लेक धावत आली, बापाच्या गळ्यात पडली. "आई, बोलले बाबा. आणि तू अशी पांढरीफटक का पडलीस?"

"भीती वाटते गं."

"आता कसली भीती? येतील परत. मला ठाऊक आहे."

"हो," ती म्हणाली आणि खाली बसून फरशी पुसत राहिली. फरशी कोरडी झाली तरी पुसत राहिली.

त्यानंतर शिकवणी सकाळीही होऊ लागली आणि संध्याकाळीही. लेक कौतुकानं म्हणायची, "एवढं तर मला शाळेत असताना नाही शिकवलंस."

परीक्षेच्या दिवशी ताईंनी त्याला उशांना टेकवून बसवलं. ती दाराशी उभी राहिली. एका हातानं चौकट धरली.

ताईंनी व्हिक्टोरियाकडे बोट केलं. "या कोण?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. मग राणीकडे.

"नेपोलियन," तो स्पष्ट म्हणाला.

लेकीला हसू फुटलं. तिनं तोंडावर हात ठेवला. ताईंनी बोट पुढच्या चित्राकडे नेलं. "आणि हे?"

नेपोलियनला तो लुई म्हणाला. लुईला हेन्री. पिंपासारख्या हेन्रीकडे बराच वेळ बघून म्हणाला, "व्हिक्टोरिया." लेकीचं हसू केव्हाच गेलं होतं.

मग त्यानं चांगला हात उचलला आणि दाराकडे बोट केलं.

"हिनं," तो म्हणाला. "जिना. हिनं ढकललं."

लेकीनं आईकडे पाहिलं.

ताईंनी त्याचा हात हळूच खाली घेतला. "हो हो, काका. दमलात आता." मग लेकीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी हेच सांगत होते. शब्द स्वच्छ येतात, पण कुठलाही शब्द कुणालाही लागतो. राणीला नेपोलियन म्हणणाऱ्या माणसाचं बोलणं धरून बसू नका. यापुढेही असलं काहीबाही बोलतील."

लेक आईच्या गळ्यात पडून रडली. "मनाला लावून घेऊ नकोस गं. एवढं केलंस, आणि तुलाच..."

"मला नाही लागत," ती म्हणाली.

लेक ताईंना सोडायला फाटकापर्यंत गेली. मागे आईनं दार लावलं, पलंगाच्या कडेला बसली आणि पदरानं नवऱ्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली. तिचे हात आता अजिबात कापत नव्हते.

"शाब्बास," ती म्हणाली. "जशी शिकवली, तशी म्हटलीत. एकही नाव चुकलं नाही."