पडद्यामागची जागा

हैबतरावांनी घोंगडी पुरुषांच्या पहिल्या रांगेत अंथरली आणि भावजयीला, रंभाबाईला, मानाने पुढे बसवले. रिहे गावाच्या जत्रेत फिरता सिनेमा येऊ लागल्याला पाच वर्षे झाली होती, पण पडद्याच्या या बाजूला बाई कधी बसली नव्हती. दोन बांबूंना पांढरे कापड ताणायचे, पुढे पुरुष बसायचे आणि मागे बायका, अशी रीतच पडली होती. मागून अक्षरे उलटी दिसत, पण वाचता येणारी मागे होती कोण?

काल याच वेळी रंभाबाई मागे बसली होती आणि एकाएकी उठून ओरडली होती, "त्यो बघा, आमचा मानूस!"

तिचा नवरा बहिरू बारा वर्षांपूर्वी मुंबईला गेला आणि बोटीवर खलाशी झाला. एक पत्र आले, मग काहीच नाही. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा आणि माणसाचे सगळे उरकून टाकायचे. जत्रा संपली की दुसऱ्या दिवशी ते ठरले होते. भटजींना सांगून झाले होते. रंभाबाईने यंदा कासाराला दारातूनच परत पाठवले. दोन दिवसांसाठी बांगड्या कशाला भरायच्या?

मुख्य बोलपटाआधी मशीनवाला एक छोटी अमेरिकन फिल्म लावी. आठ-दहा वर्षांपूर्वीची, झिजून चिरा पडलेली. तिकडच्या कुठल्याशा जत्रेला बडे बडे नट-नट्या पाहुणे म्हणून आलेले. ते हसत, हात हलवत, आणि मशीनवाला भोंग्यावरून अदबीने एकेकाचे नाव सांगे. गावाला त्यांतले एकही ठाऊक नव्हते. टाळ्या पडल्या त्या पांढऱ्या घोड्याला.

रंभाबाई मात्र घोड्यामागची मिरवणूक बघत होती. तिथे एक सावळा माणूस चालला होता, टोपी डोळ्यांवर ओढलेली, गळ्यात ढोल, आणि टिपरू डाव्या हातात. चेहरा दिसला नाही, तिला त्याची गरजही नव्हती. साऱ्या खोऱ्यात डाव्या हाताने ढोल वाजवणारा बहिरू एकटाच. लहानपणी बापाने तो हात बांधून ठेवला, तरी खोड गेली नव्हती.

हैबतरावांनी तिचा शब्द मानला. थोरल्या भावाचा पुतळा जाळायचे त्यांच्याही जिवावर आले होते. आज सकाळीच त्यांनी भटजींना नको म्हणून निरोप धाडला आणि मशीनवाल्याकडे अमेरिकेचा पत्ता मागितला. तो बिचारा काय देणार? रंभाबाईने कासाराला घरी बोलावून दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या भरल्या. किती वर्षांनी ती शेजारणींशी पोटभर हसली.

आता फिल्म सुरू झाली. नट आले, नट्या आल्या. मग घोडा आला. काल उजवीकडे गेलेला घोडा आज डावीकडे चालला होता. त्याच्यामागून ढोलवाला आला. तीच टोपी, तोच ढोल. टिपरू उजव्या हातात होते.

काल पाहिले ते कापडाच्या मागून, हे तिला कळायला वेळ लागला नाही. कुणीतरी परकाच माणूस, आपल्याच नादात वाजवत चालला होता.

हैबतरावांचे डोळे भरून आले होते. "वैनी, दादाच हाय. चाल बघा की त्याची."

त्यांचे हाताकडे लक्षच नव्हते. गावात आणखी कुणाचेही नव्हते. नुसती मान हलवली असती, तरी बांगड्या जन्मभर राहिल्या असत्या.

"ह्यो उजव्या हातानं वाजिवतोय, भावजी," ती म्हणाली. "उद्या पानं आना."

मग ती उठली. बांगड्या वाजू नयेत म्हणून हात पदरात घेतले आणि कापडाला वळसा घालून मागे, बायकांत आपल्या जागी जाऊन बसली. तिथे तो अजून डाव्याच हाताने वाजवत होता.