दर्शनाची रांग

एप्रिलचं ऊन आन् शिर्डीच्या थीम पार्कात मुंगीला जागा न्हाई. होडीत बसून वरनं पाण्यात सुटायच्या खेळाला तर ही लांब रांग. सत्तरीतल्या माझ्या आईला मी ठोकून दिलं, "दर्शनाची रांग हाय." तिनं चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आन् देवासाठी घेतलेला हार सांभाळत माझ्यासंगं पायऱ्या चढली. बायको खालनं डोळे वटारत हुती. वर होडी दिसली, तरी आई गुमान बसली. होडी सुटली तसा मीच बोंबललो.

खाली आल्यावर म्हणालो, "फसलीस का न्हाई?"

"देवाच्या दारातनं मानसं वली हून येत्यात व्हय रं?" आईनं पदर पिळला. "पर सुनंपुढं, मला होडीत बसायचंय, असं म्हनू कसं? चल, आजून येकदा फशिव."