गाडीचा नवा आवाज

फाटकाची कडी. कुकरची शिट्टी. कोपऱ्यावर इंजिनाची संथ घरघर. दृष्टी गेलेले वडील त्या घरघरीवरूनच लेकीची गाडी ओळखत.

म्हणून ती गॅरेजमध्ये अडली. इंजिनाच्या झडपा उघडणारा जोरदार कॅमशाफ्ट आणि कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा बसवल्या की गाडी सुसाट पळणार, पण उभी असताना धडधडणार. ओळखीचा आवाज जाणार. "साधाच कॅम घाला, बाबालालभाई."

"ताई, त्या जोरदार कॅमसाठी वर्षभर डोकं खाल्लंत की माझं!" मिस्त्री म्हणाले.

सोबत आलेले वडील स्टुलावरून मिस्त्रींना म्हणाले, "तसली गाडी असंल तर सुरू कर बघू." मिस्त्रींनी शेजारची, तसलाच कॅम बसवलेली गाडी सुरू केली. वडिलांनी मान तिरकी करून धडधड ऐकली. "हाच घाल. दोन दिवसांत ओळखीचा होतोय आवाज. आणि पोरी, पहिल्या फेरीला मी पुढं बसणार."

सत्तावीस वर्षं त्यांनी एसटी चालवली होती. ताशी साठच्या वर कधीच नाही.